सोमवारचा आरसा

पहिल्यांदा त्याला राग आला, आणि तोही धंद्यातला. रक्ततपासणीच्या रांगेत एक म्हातारा पाठमोरा उभा होता आणि त्याच्या मानेवर कुणीतरी केसांचा नुसता पोरखेळ करून ठेवला होता. उजवीकडे कानामागची रेघ बोटभर वर चढलेली, डावीकडे तीच सुटून कॉलरपर्यंत उतरलेली, मधल्या मध्ये पायऱ्या पडलेल्या. मानेच्या खळीशी एक तीळ होता, त्याच्यावर बारीकशी खपली धरली होती. म्हणजे कात्रीचं टोक लागलं होतं. बघणारा स्वतः हातात पत्र्याची पेटी घेऊन जिन्याकडे निघाला होता. तिसऱ्या मजल्यावर नऊ वाजता ऑपरेशनला जायचा पेशंट होता, त्याच्या पोटावरचे केस काढायचे होते, वेळ थोडा होता. तरी चालता चालता तो मनात म्हणालाच, कोण हा गाढव, याच्या हातात कात्री दिली कुणी? आणि पुढच्याच पावलाला त्याच्या लक्षात आलं की तीळ ओळखीचा आहे. तिळाच्या बराच वर, टाळूखाली, दोन भोवरे होते, एक डावीकडं फिरलेला, एक उजवीकडं, आणि दोन्हींच्या मधून लहानपणी जिन्यावरून पडल्याची पांढरी खूण गेली होती. असं डोकं जगात एकच होतं. अकरा वर्षांत ते पिकलं होतं, थोडं लहानही झाल्यासारखं वाटत होतं, पण भोवरे जिथल्या तिथं होते.

थोरला थांबला. ‘थोरला’ हे काही कागदोपत्री नाव नव्हे. घरात आणि दुकानात त्याला सगळे तेच म्हणत. पाठीवरचा भाऊ तो धाकटा, म्हणून हा थोरला. इथं हॉस्पिटलात त्याला ‘कारागीर’ म्हणत. ते नाव एका सिस्टरनं ठेवलं होतं, कारण त्यानं एका पेशंटचं डोकं इतकं गुळगुळीत केलं की डॉक्टरांनी त्यात बघून स्वतःचा टाय नीट केला म्हणे. थोरला म्हणून हाक मारणारं आता फारसं कुणी उरलं नव्हतं, पण स्वतःशी बोलताना तो अजून स्वतःला तसंच म्हणायचा. थोरल्या, हे अण्णा आहेत. थोरल्या, जिना तिकडं आहे. तोंडावर मास्क आहे, डोक्यावर हिरवी टोपी आहे, गुपचूप निघून जा, कुणाला पत्ता लागायचा नाही. पण त्याचे पाय जिन्याकडं वळले नाहीत. तो सरळ जाऊन रांगेत शिरला, वडिलांच्या बरोब्बर मागं, हातभर अंतरावर. मागच्या जाड्या गृहस्थानं लगेच खाकरून सांगितलं, “ओ साहेब, आम्ही उपाशीपोटी उभे आहोत इथं.” थोरला हळूच म्हणाला, “मला रक्त द्यायचं नाही. मी इथलाच आहे.” गृहस्थ त्याच्या पेटीकडं संशयानं बघत राहिला.

समोर रक्त घ्यायच्या खोलीची मोठी काळपट काच होती, काचेत बोलायला एक गोल भोक, आणि काचेच्या वर लाल आकड्यांची पाटी. बावीस. अण्णांच्या मुठीत चिठ्ठी होती, तिचं टोक बाहेर आलं होतं, त्यावर तीस दिसत होता. आठ माणसं. एकेका माणसाला तीन-चार मिनिटं. एवढा वेळ अण्णांच्या मागं उभं राहायला मिळेल, असा हिशेब त्याच्या मनात आपोआप झाला आणि त्याला स्वतःचंच हसू आलं. आयुष्यातली वीस वर्षं तो या मानेमागं उभा राहिला होता, तेव्हा कुणी घड्याळ लावलं नव्हतं. अण्णांनी उजव्या पायावरचा भार डाव्यावर घेतला. दिवसभर उभं राहणाऱ्या माणसाची ती सवय असते. गुडघा न वाकवता, नुसता कमरेतून. स्वतःच्याही नकळत थोरल्यानं आपला भार डावीकडं घेतला.

सोमवारी दुकान बंद असायचं. पण बंद म्हणजे गिऱ्हाइकाला बंद. सकाळी शटर अर्धं वर करून तिघं वाकून आत शिरायचे, आणि मग घरच्यांचे केस कापले जायचे. आधी धाकटा बसायचा, मग थोरला, दोघांचे केस अण्णा कापायचे. शेवटी अण्णा स्वतः मधल्या खुर्चीत बसायचे आणि त्यांचं डोकं थोरल्याच्या ताब्यात यायचं. थोरला पंधरा वर्षांचा झाला त्या सोमवारपासून हे असं होतं. पहिल्या दिवशी अण्णा म्हणाले होते, “तिळाला सांभाळ, बाकी डोकं तुझंच आहे.” घरात जे काही महत्त्वाचं बोललं गेलं ते सगळं त्या आरशात बोललं गेलं. समोरासमोर बसून बोलायची त्या घराला सवयच नव्हती. एक खुर्चीत, एक मागं उभा, दोघांची तोंडं एकाच दिशेला, आणि नजरानजर व्हायची ती काचेत. ताईचं लग्न ठरल्याचं अण्णांनी आरशातच सांगितलं. थोरल्यानं आपल्याला एक मुलगी पसंत आहे हे आरशातच सांगितलं, कल्ले सारखे करता करता, आणि अण्णा आरशातच म्हणाले, “उजवा कल्ला खाली राहिलाय. मुलगी बघायला कधी जायचं?” बायको अजून त्याला चिडवायची, की तुमच्या घरात माझा नंबर उजव्या कल्ल्यानंतर लागला.

तेवीस. काचेमागं कुणीतरी रक्ताच्या काचनळ्या ओळीत लावून ठेवल्या, त्यांचा बारीक आवाज आला.

आणि ती गोष्टही त्यानं आरशातच सांगितली होती. रविवारी बाप्तिस्मा झाला होता, सोमवारी तो अण्णांच्या मागं उभा होता. रविवार हा दुकानाचा सगळ्यात धावपळीचा दिवस, आणि आधीचे सहा-सात महिने तो काही ना काही सबब सांगून रविवारी सकाळी दोन तास गायब व्हायचा. पोटात दुखतंय, बायकोच्या माहेरचं कुणी आलंय, दाढ हलतेय. अण्णा एकदा म्हणालेही होते, “तुझ्या दाढा फक्त रविवारीच कशा रे हलतात?” त्या सोमवारी त्यानं उजवी बाजू पूर्ण केली, मागचं केलं, आणि डावीकडं वळायच्या आधी कात्री थांबवून तो म्हणाला, “अण्णा, मी येशूचा झालो. काल बाप्तिस्मा घेतला.” वाक्य त्यानं आठवडाभर घोळवलं होतं, पुढची चार वाक्यंही तयार होती. अण्णांनी आरशातून त्याच्याकडं पाहिलं. मग म्हणाले, “कात्री खाली ठेव.” स्वतःच्या हातानं गळ्यातलं कापड सोडलं, झटकलं, घडी घालून खुर्चीच्या हातावर ठेवलं आणि अर्ध्या शटरखालून वाकून बाहेर पडले. उजवी बाजू कोरून काढलेली, डावी तशीच वाढलेली. आपलं बोलणं अर्ध्यावर तोडून वडील उठून गेले याचं दुःख आणि ते आता असे अर्ध्या डोक्यानं बाजारातून घरी जाणार याची लाज, दोन्ही थोरल्याला एकदम जाणवलं. धाकटा कोपऱ्यात उभा होता. तो एवढंच म्हणाला, “दादा, निदान पूर्ण कापून मग तरी सांगायचं.” धाकट्याचं म्हणणं बरोबर होतं, आणि ते अकरा वर्षं बरोबरच राहिलं.

लोकांनी विचारलं, काय मिळालं रे तुला? हा प्रश्न त्याला इतक्या जणांनी इतक्या तऱ्हांनी विचारला की शेवटी तो खरंच यादी सांगायला लागला: एक गाण्यांचं जुनं पुस्तक, त्यातली पहिली बारा पानं नाहीत, आणि चर्चमध्ये खिडकीजवळची एक जागा, तिथं वारा फार लागतो. लोक हसायचे, पण त्यांच्या डोळ्यांतला संशय जायचा नाही. खरं काय झालं ते सांगायला गेलं तर ते इतकं साधं होतं की त्याची गोष्टसुद्धा होत नव्हती. तो एका गवंड्याची दाढी करायला घरी जायचा. गवंडी परांचीवरून पडून कमरेखाली लुळा झालेला. परांची ज्यानं बांधली त्यानं गाठ नीट मारली नव्हती, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. तोंडाला साबण लावला की गवंडी हात वर करायचा, थांब म्हणून, आणि डोळे मिटून मोठ्यानं प्रार्थना करायचा. बायकोसाठी, पाठीच्या जखमांसाठी, मग न चुकता परांची बांधणाऱ्यासाठी. त्याच्या मुलाबाळांना सुखात ठेव, त्याला झोप लागू दे. थोरला वस्तरा धरून उभा राहायचा, फेस वाळायचा, पुन्हा लावावा लागायचा. त्याला वाटायचं, म्हातारा ढोंगी आहे, किंवा पडताना डोक्यालाही मार लागलाय. असं दीड वर्ष चाललं. मग एके दिवशी तो गेला तर खाटेजवळ स्टुलावर एक काळाठिक्कर माणूस मान खाली घालून बसला होता, दाढीचे खुंट वाढलेले, आणि गवंडी म्हणाला, “आज आधी ह्याची कर.” थोरल्यानं परांची बांधणाऱ्याच्या गालाला साबण लावला. वस्तरा हनुवटीशी आला तेव्हा तो माणूस रडायला लागला. आवाज न करता, गाल न हलवता, कारण गळ्याशी वस्तरा आहे याचं त्याला भान होतं. फेसातून पाण्याच्या दोन रेघा खाली आल्या. खाटेवरून गवंडी त्याचा गुडघा थोपटत होता. त्या खोलीत तेव्हा आपण तिघंच नाही, एवढंच थोरल्याला वाटलं. भीती नाही वाटली, दचकायला नाही झालं, नुसतं कळलं. घरी जाताना त्यानं गवंड्याकडून त्याचं बायबल मागून घेतलं, आणि दुकानात गिऱ्हाईक नसताना वर्तमानपत्राच्या घडीत धरून वाचायला लागला. तुमच्या डोक्यावरचे केसही मोजलेले आहेत, अशी केसांबद्दलही एक ओळ त्यात सापडली तेव्हा त्याला इतका आनंद झाला की ती अण्णांना सांगावी म्हणून तो उठलासुद्धा होता, आणि मग परत बसला होता.

पंचवीस. रांग दोन पावलं सरकली. अण्णांच्या चपलेचा डावा पट्टा नवा होता, उजवा जुना.

खरी किंमत मात्र सोमवारी नव्हे, मंगळवारी सकाळी द्यावी लागली. दुकानात आरशावर एक फळी होती, तिच्यावर घरचा देव. दुकान उघडलं की जो तो आपला वस्तरा तिथं ठेवायचा, क्षणभर हात जोडायचा, आणि मग वस्तरा उचलून कामाला लागायचा. आजोबांपासूनची रीत. मंगळवारी थोरला गेला तेव्हा अण्णांच्या डोक्याची डावी बाजू कुणीतरी, बहुधा धाकट्यानं, मशीन फिरवून घाईत उडवली होती. अण्णा म्हणाले, “तू रविवारी कुठं जायचं तिकडं जा. मी विचारणार नाही. वस्तरा तेवढा फळीवर ठेव.” केवढीशी गोष्ट. हात वर करायचा, खाली आणायचा. थोरल्याला आठवतं, वस्तरा त्याच्या हातात होता, आणि हात निम्म्यापर्यंत वर गेलाही होता. मग तो म्हणाला, “अण्णा, मनात नसताना ठेवला तर ती तुमची फसवणूक होईल.” अण्णा म्हणाले, “मग फसव. माझी काही तक्रार नाही.” हे वाक्य म्हणताना त्यांचा आवाज असा झाला होता, की नंतर कितीतरी दिवस थोरला भर रस्त्यात, भाजी घेताना, आंघोळ करताना एकदम थांबायचा. बापानं यापेक्षा जास्त काय द्यायचं असतं? फसव म्हणाला. आणि आपल्याला तेवढंही जमलं नाही. त्यानं चर्चच्या पाळकांना विचारलं होतं, मी हट्टीपणा केला का? पाळक सरळ माणूस, त्यांनी मान खाजवली आणि सांगितलं की त्यांना माहीत नाही. त्यांचे वडील लवकर वारले, असा प्रसंगच आला नाही. थोरल्याला ते उत्तर आवडलं होतं. त्या मंगळवारी त्यानं वस्तरा पेटीत ठेवला होता, कात्र्या ठेवल्या, कंगवे ठेवले, तुरटीचा खडा फडक्यात गुंडाळला, आणि तो दुकानाबाहेर पडला. धाकटा फूटपाथपर्यंत आला, पण फूटपाथ ओलांडून आला नाही.

त्यानंतर जे जे गेलं ते एकदम गेलं नाही, हळूहळू गेलं. आधी गिऱ्हाइकं. मग ताईचे फोन. मुलगी तेव्हा चार वर्षांची होती; दुकानात खुर्चीच्या दोन हातांवर आडवी फळी टाकून अण्णा तिला उंच बसवायचे, आणि बरेच दिवस ती विचारायची, “मी फळीवर कधी बसणार?” आता ती पंधराची झाली होती, विचारत नव्हती. आणि आई. आई गेल्याचं त्याला तिसऱ्या दिवशी कळलं. ताईनं रस्त्यावरच्या फोनवरून कळवलं, आणि ती रडत नव्हती, रडून झालं होतं. कुणी कळवायचं नाही असं ठरवलं होतं की कळवायचं सगळेच विसरले, हे त्यानं विचारलं नाही. कारण दोन्हींतलं कोणतं जास्त वाईट ते त्याला ठरवता येईना. तो त्या दिवशी गवंड्याच्या घरी गेला. गवंडी तोवर वारला होता, पण त्याची म्हातारी होती. तिनं काही समजूत घातली नाही, चहा केला आणि त्याला तिथं बसून राहू दिलं. संध्याकाळ होईपर्यंत तो बसला होता.

तरीही, आणि हे तो कुणाला सांगू शकला नसता, तो सुखी होता. हॉस्पिटलातलं काम त्याला आवडायचं. उद्या पोट फाडून घ्यायचं असलेल्या माणसाला त्याच्याइतक्या हळुवारपणे कुणी हात लावत नसे. सुरू करण्याआधी तो क्षणभर डोळे मिटायचा, पेशंटच्या नावानं दोन शब्द मनात म्हणायचा, आणि पेशंट घाबरून विचारायचा, “काय हो, जमतं ना तुम्हाला?” त्याच्या खोलीत आरसा नव्हता, होता तो मेट्रननं काढून टाकायला लावला, कारण तासलेलं डोकं बघून एक बाई बेशुद्ध पडली होती. रविवारी बायको त्याच्याबरोबर चर्चपर्यंत यायची आणि बाहेरच्या बाकावर लोकरीचं विणत बसायची. आत येत नसे. “तुमचं आणि देवाचं बोलणं चाललेलं असतं, मी मध्ये कशाला?” म्हणायची. ती काही त्याच्या वाटेनं आली नव्हती, पण त्याला सोडून दुसऱ्या वाटेनंही गेली नव्हती, आणि प्रार्थना संपून बाहेर आलं की ती विचारायची, “काय म्हणाले?” तो म्हणायचा, “तुझी चौकशी करत होते.” मग दोघं हसत घरी यायची. हे सुख खरं होतं. फक्त कधी कधी, अगदी मजेत असतानाच, त्याला चोरी केल्यासारखं वाटायचं. आईच्या तिसऱ्या दिवसावर, अण्णांच्या त्या ‘फसव’वर पाय ठेवून आपण या बाकापर्यंत आलो, असं. सुखाला दुखरी कड असली तरी ते सुखच असतं का, हे विचारायला त्याला माणूस सापडला नव्हता. एकदा त्यानं प्रार्थनेत विचारलं, तर उत्तर आलं नाही, पण झोप छान लागली.

सत्तावीस. आता तो नीट बघायला लागला. इतका वेळ तो मान बघत होता, कापलेलं बघत नव्हता. मनाशी त्यानं ठरवूनच टाकलं होतं की हे धाकट्याचं काम. पण धाकटा मशीनचा माणूस. त्याचा हात खालून वर एका दमात जातो, पायऱ्या पडायचा प्रश्नच नाही. हे कात्रीनं कापलेलं होतं. आणि कात्री जुनी, जड, मधल्या खिळ्याशी किंचित सैल. केसांची टोकं चिरडली होती तिथं ते कळत होतं. दुकानात तसली कात्री एकच, अण्णांची. मग कुणी नवीन कामगार? नवीन कामगाराला अण्णा तिळाच्या आसपास फिरकू देतील? त्यानं पुन्हा रेघ पाहिली. उजवीकडं वर, डावीकडं खाली. नवशिक्याची चूक अशी नसते, नवशिक्याची रेघ वाकडी जाते, पण दोन्हीकडं सारखी वाकडी. इथं तर कापणाऱ्याला जिकडं कमी कापायचं तिकडं त्यानं जास्त कापलं होतं, आणि चूक लक्षात आल्यावर ती सुधारायला जाऊन पुन्हा उलट्याच बाजूला कात्री घातली होती. प्रत्येक पायरी हे सांगत होती. जणू कापणाऱ्याला डावं-उजवं उलटं दिसत होतं. आणि मग थोरल्याला उमगलं, कारण डावं-उजवं उलटं कुठं दिसतं हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? पुढं एक आरसा, मागं हातात दुसरा. मान वाकडी करून, कात्री उलटी धरून. हे केस अण्णांनी स्वतः कापले होते. आजचे नाही फक्त. कडेच्या जुन्या केसांचीही तीच गत होती, एकावर एक कितीतरी वेळा चुकलेली. घरात धाकट्यासारखा हुशार कारागीर, दुकानात तीन खुर्च्या, आणि हा माणूस दर सोमवारी अर्धं शटर लावून एकटाच दोन आरशांच्या मध्ये बसत होता. आपल्यानंतर त्यांनी या डोक्याला कुणाचा हात लागू दिला नव्हता. त्या मंगळवारी मशीन फिरवलं होतं ते शेवटचं.

त्याला वाटलं, आपण इथं, या जाड्या गृहस्थाच्या पुढं, रडणार. त्यानं खाली बघितलं, पेटीच्या कडीकडं. मग आणखी एक गोष्ट, जी मघापासून दारात उभी होती, ती आत आली. दुकान शहराच्या त्या टोकाला. दुकानासमोरच रक्त तपासायची दोन ठिकाणं. इथं यायला दोन बसा बदलाव्या लागतात, त्याही उपाशीपोटी. आज सोमवार.

“कारागीर!” कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाकडून सिस्टरनं मोठ्यानं हाक मारली. “नऊचा पेशंट दहावर गेलाय! तुमच्या खोलीत थांबा, बोलावते!”

थोरल्यानं हात वर केला. अण्णांनी मागं वळून पाहिलं नाही. रांगेतल्या बाकी सगळ्यांनी पाहिलं, जाड्या गृहस्थानं तर दोनदा. अण्णांची मान मात्र तसूभर हलली नाही. आणि तेव्हा कुठं थोरल्यानं नजर वर उचलली, त्या मानेवरून, भोवऱ्यांवरून, थेट समोर. काच काळपट होती, मागच्या खोलीत उजेड कमी होता, कॉरिडॉरमध्ये भरपूर उजेड. काचेत अख्खी रांग दिसत होती. रांगेत अण्णा दिसत होते, आणि अण्णांच्या खांद्यामागं हिरवी टोपी, मास्क, आणि दोन डोळे. अण्णा त्या डोळ्यांकडं बघत होते. कधीपासून बघत होते कोण जाणे. जन्मभर आरशासमोर उभं राहिलेला माणूस आज काच विसरला होता, आणि बापाला मागून बघतोय म्हणून स्वतःला लपलेला समजत होता.

“झालं बघून?” अण्णा काचेला म्हणाले.

थोरल्यानं मास्क खाली ओढला. “कुणी कापले?”

“आहे एक अडाणी.”

“तीळ कापलाय त्यानं.”

“हात कापतो त्याचा. वय झालंय.” अण्णांनी भार पुन्हा उजव्या पायावर घेतला. “बायको?”

“बरी आहे.”

“फळीवर बसायची ती?”

“पंधराची झाली. माझ्या खांद्याला लागते.”

अण्णांनी मान हलवली. काचेत त्यांचे ओठ काहीतरी पुटपुटले, ते आपल्यालाच असावं असं भोकापलीकडच्या मुलीला वाटलं आणि ती म्हणाली, “आजोबा, अजून दोन नंबर.” मग अण्णांनी विचारलं, अगदी पूर्वीसारखं, काही विशेष नसल्यासारखं, “वस्तरा अजून फळीवर ठेवत नाहीस?”

थोरल्याला वाटलं, आत्ता एक शब्द बोललो की हे सगळं पुन्हा खाली पडेल. दोन बसा, रांग, चिठ्ठी. त्यानं काचेतल्या डोळ्यांत बघितलं. “नाही, अण्णा.”

“हं,” अण्णा म्हणाले.

एकोणतीस लागला. मग तीस. अण्णा आत गेले, दार बंद झालं. थोरला पेटी घेऊन बाजूला उभा राहिला, जाडा गृहस्थ सुटकेचा श्वास टाकून पुढं सरकला. कोपरात कापूस दाबून अण्णा बाहेर आले तेव्हा क्षणभर दोघं समोरासमोर उभे होते आणि मध्ये काहीच नव्हतं. कुठं बघायचं हे दोघांनाही कळेना. अण्णांनी कापसाकडं बघितलं.

“आज वार कोणता रे?”

“सोमवार.”

“मग?”

थोरल्याची खोली कॉरिडॉरच्या शेवटाला होती. एक खुर्ची, एक टेबल, नळ, खिडकी. अण्णांनी चौफेर पाहिलं, धंद्याच्या नजरेनं. खुर्चीचा हात हलवून बघितला, नळ सोडून बघितला. “आरसा?”

“इथं नाही आरसा.”

“आरशाशिवाय कापतोस?” त्यांना ते पटलं नाही, पण ते बसले. थोरल्यानं डबलरोटी आणि चहा मागवू का म्हणून विचारलं, अण्णा म्हणाले, “नंतर.” त्यानं गळ्याभोवती कापड बांधलं. बांधताना बोटं तिळाजवळ गेली आणि थांबली. अण्णांनी कापडाखालून हात काढला आणि टेबलावरची पेटी स्वतःकडं ओढली. कात्री बघितली, बाजूला ठेवली. कंगवा बघितला. मग वस्तरा काढला. मूठ तीच होती, दुकानातली. त्यांनी वस्तरा दोन्ही हातांत धरला, कपाळाला लावला, डोळे मिटून काहीतरी म्हटलं, आणि खांद्यावरून मागं धरला.

“माझं मी केलं. तुझं काय असेल ते तू कर.”

थोरल्यानं वस्तरा घेतला. तो तसाच उभा राहिला. मग त्यानं डोळे मिटले. दर वेळी दोन शब्द पुरायचे, आज पुरेनात. गवंडी आठवला, वाळत चाललेला फेस आठवला, आईचे तीन दिवस आठवले. तो किती वेळ उभा होता त्याला कळलं नाही. खुर्ची करकरली नाही. कुणी खाकरलं नाही. डोळे उघडले तेव्हा अण्णा मान खाली घालून, दोन्ही हात मांडीवर ठेवून, त्याची वाट बघत होते.

“झालं तुझं?”

“झालं.”

अण्णांनी मान थोडी उजवीकडं कलती केली, अकरा वर्षांपूर्वी करणार होते तेवढीच.

“मग कर की. डावी बाजू राहिलीये.”